बर्डथॉनची यादी पुरावा म्हणून कशी वाचायची?

संशोधनाच्या तयारीत असलेले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: "हौशी लोकांनी केलेल्या नोंदी पुरावा म्हणून चालतात का?" चालतात. पण त्या कशासाठी केल्या होत्या, हे आधी समजून घ्यावं लागतं. ते न समजल्यामुळे मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले. आज तोच किस्सा, आणि त्यामागचा इतिहास.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एका छोट्या पक्षिनिरीक्षण क्लबची जुनी वार्तापत्रं वाचत होते. दरवर्षी मे महिन्याच्या अंकात एक यादी असायची: चोवीस तासांत आमच्या चमूने इतक्या जातींचे पक्षी पाहिले. मी आकडे काढले, आलेख काढला. रेषा वर चढत होती. खाली मी ऐटीत वाक्य लिहिलं, "या भागात पक्ष्यांची संख्या वाढलेली दिसते." मार्गदर्शकांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "पक्षी वाढले, की पेट्रोल?"

तेव्हा मला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आता प्रयत्न करते.

मे महिनाच का?

आपल्याकडे पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. ऑन्टॅरिओत हे चक्र उलटं दिसतं. दक्षिणेकडे हिवाळा काढलेले पक्षी एप्रिल-मे मध्ये प्रजननासाठी उत्तरेकडे निघतात. त्यातले बरेचसे छोटे पक्षी रात्री उडतात. वाटेत ईरी सरोवराचं मोठं पाणी लागतं. ते ओलांडून दमलेले पक्षी पहाटे पहिल्या जमिनीवर उतरतात. पॉइंट पेली आणि लाँग पॉइंट ही पाण्यात घुसलेली भूशिरं म्हणूनच प्रसिद्ध आहेत. झाडांना पालवी पूर्ण फुटलेली नसते, नर रंगात आलेले असतात आणि गातही असतात. थोडक्यात, कमी वेळात जास्तीत जास्त जाती दिसण्याचा हाच मोसम. क्लबच्या सहली, नवख्यांसाठी फेऱ्या आणि वर्गणी गोळा करणं, सगळं याच दिवसांत येतं.

वसंतातल्या नोंदींची परंपरा त्याहून जुनी आहे. अमेरिकेत वेल्स कुक यांनी १८८१ मध्ये मिसिसिपी खोऱ्यातल्या निरीक्षकांकडून पक्षी पहिल्यांदा कधी दिसला, याच्या तारखा मागवायला सुरुवात केली. १८८३ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन स्थापन झाली आणि ते काम पुढे वाढलं. (योगायोग बघा, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीही १८८३ चीच.) हा उपक्रम १९७० मध्ये थांबला तोवर सुमारे ६० लाख कार्डं जमली होती. गावोगावच्या हौशी लोकांनी भरलेली ही कार्डं आज हवामानबदलाच्या अभ्यासात वापरली जातात. या कामात पक्षी मोजण्याचे कोणी पैसे देत नव्हतं. पुढे पैशाची वाट वेगळ्या बाजूने आली.

जातीमागे वर्गणी

एका दिवसात जास्तीत जास्त जाती पाहण्याची चढाओढ अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुजली होती. तिला 'बिग डे' म्हणत. लडलो ग्रिस्कॉम यांच्यासारख्यांनी बंदुकीऐवजी दुर्बिणीने पक्षी ओळखण्याची पद्धत रुजवली, त्यांच्या तालमीत तयार झालेल्या रॉजर टोरी पीटरसन यांचं ओळखपुस्तक १९३४ मध्ये आलं आणि हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

दुसरीकडे कॅनडात १९६७ पासून 'माइल्स फॉर मिलियन्स' या पदयात्रा गाजत होत्या. तुम्ही चालायचं, आणि ओळखीच्यांनी दर मैलामागे ठरलेली रक्कम मदतकार्याला द्यायची. वॉकॅथॉनची ही कल्पना घराघरांत माहीत झालेली होती.

१९७६ मध्ये या दोन गोष्टी एकत्र आल्या. लाँग पॉइंट इथे १९६० पासून चालणाऱ्या पक्षी वेधशाळेने बर्डथॉन सुरू केली. चालण्याऐवजी पक्षी पाहायचे, आणि मैलामागे नाही तर जातीमागे पैसे. टोरंटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममध्ये काम केलेले आणि वर्तमानपत्रातल्या सदरातून लोकांना पक्ष्यांची गोडी लावणारे जेम्स बेली १९७० मध्ये वारले होते. त्यांच्या नावाने निधी होता आणि बर्डथॉनलाही त्यांचंच नाव मिळालं. त्या निधीतून हौशी लोकांच्या छोट्या प्रकल्पांना अनुदान मिळतं. शिवाय, जमलेल्या रकमेतला काही वाटा भाग घेणारा आपल्या आवडीच्या स्थानिक क्लबला किंवा वेधशाळेला देऊ शकतो. ही तरतूद फार महत्त्वाची ठरली. त्यामुळे लहान गावातल्या क्लबलाही मे महिन्यातला तो एक दिवस वर्षाच्या खर्चाची सोय वाटू लागला. ती वेधशाळा पुढे वाढत गेली, आज ती बर्ड्स कॅनडा या राष्ट्रीय संस्थेचा भाग आहे.

१९८४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत पीट डन यांनी 'वर्ल्ड सिरीज ऑफ बर्डिंग' सुरू केली. मध्यरात्र ते मध्यरात्र, चमूंची स्पर्धा, आणि तिथेही जातीमागे देणगी. पहिल्या वर्षी जिंकलेल्या चमूत स्वतः पीटरसन होते. त्यांची यादी २०१ जातींची होती.

आता यादीकडे परत येऊ

समजा, शेजाऱ्याने तुम्हाला जातीमागे २५ सेंट द्यायचं कबूल केलंय. तुम्ही काय कराल? एकदा घरचिमणी दिसली की तिच्यावर टिक करून पुढे निघाल. (हीच आपली घरचिमणी. एकोणिसाव्या शतकात माणसांनीच ती अमेरिकेत नेली.) एक चिमणी दिसली काय किंवा हजार दिसल्या काय, पैसे २५ सेंटच. उलट एखादा दुर्मीळ पक्षी चाळीस किलोमीटरवर दिसल्याचं कळलं तर गाडी काढाल. पुढच्या वर्षी घुबडांसाठी पहाटे दोनला निघाल. त्याच्या पुढच्या वर्षी चांगली दुर्बीण, कान तयार असलेला साथीदार, आणि कुठे काय दिसतंय ते कळवणारा फोन. यादी लांबत जाईल. पक्षी तितकेच असतील, किंवा कमीसुद्धा झाले असतील.

माझ्या आलेखात चढणारी रेषा ही होती. क्लब दरवर्षी हुशार होत होता, त्याची ती रेषा. पेट्रोलच म्हणा ना!

ही नुसती तर्काची गोष्ट नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, म्हणजे २९ टक्के. गवताळ प्रदेशातले तर निम्म्याहून अधिक. बर्डथॉन सुरू होऊन रंगात आली तो काळ नेमका हाच. जाती शिल्लक होत्या, म्हणून यादी भरत होती, आणि प्रत्येक जातीतली डोकी कमी होत होती. मी माझं ते वाक्य प्रबंधात तसंच ठेवलं असतं, तर एवढ्या मोठ्या घसरणीच्या काळाला मी 'वाढ' म्हणून मोकळी झाले असते.

मग हे २९ टक्के कळले कुठून? बऱ्याच अंशी 'ब्रीडिंग बर्ड सर्व्हे'मधून. १९६६ मध्ये चँडलर रॉबिन्स यांनी तो सुरू केला. ठरलेला रस्ता, त्यावर अर्ध्या अर्ध्या मैलावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर बरोबर तीन मिनिटं, आणि दिसलेला-ऐकलेला प्रत्येक पक्षी मोजायचा. दुर्मीळ पक्ष्यामागे धावायला परवानगी नाही. प्रामुख्याने जूनमध्ये होणारं हे काम खरं सांगायचं तर कंटाळवाणं आहे. आणि ते करणारे कोण? बहुतेक करून हौशी निरीक्षक, म्हणजे क्लबांत येणारी माणसंच. मे महिन्यात जातीमागे वर्गणी गोळा करणारा माणूस जूनमध्ये घड्याळ लावून त्याच त्या रस्त्यावर उभा राहू शकतो. माणूस तोच, डोळे तेच, पण प्रश्न वेगळा विचारल्यामुळे नोंद वेगळी.

मग बर्डथॉनची यादी टाकाऊ का?

अजिबात नाही. मी प्रबंधातून ती काढली नाही, दुसऱ्या प्रकरणात हलवली. त्या यादीवरून पक्ष्यांची संख्या कळत नाही, पण क्लबबद्दल भरपूर कळतं. देणगीदारांत कोण आहे: किराणा दुकानदार, शाळा, की फक्त नातेवाईक? चमूत बायका कधी दिसू लागतात? जमलेला पैसा कशावर खर्च झाला? आपल्याकडच्या गणेशमंडळाची पावतीपुस्तकं जशी गल्लीचा इतिहास सांगतात, तशी ही कागदपत्रं.

'पैसे कोणी दिले?' हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा अभ्यास सुरू केला, तेव्हा सुरुवातीची मदत जागतिक आरोग्य संघटनेची होती. पुढे अमेरिकन सैन्याच्या एका कार्यक्रमातूनही पैसा आला. १९७० च्या दशकात त्यावर वाद झाला आणि संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत विषय गेला. त्या नोंदी शास्त्रीयदृष्ट्या आजही मोलाच्या आहेत. पण त्यांचा इतिहास लिहिताना पैशाचं प्रकरण वगळता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

तुमच्यासाठी

कुठलीही हौशी नोंद हातात आली की वहीत आधी चार ओळी लिहा. एक, मोजलं काय: जाती, डोकी, की पहिली तारीख? दोन, मेहनत किती: माणसं, तास, किलोमीटर? तीन, जास्त आकडा आला तर फायदा कोणाचा? चार, 'काहीच दिसलं नाही' हे कोणी लिहिलंय का? चौथा प्रश्न सोपा वाटतो, पण सगळ्यात जास्त माहिती तोच देतो.

सराव करायचा असेल तर लांब जायला नको. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. तुमच्या गावातल्या एखाद्या गटाच्या मोजणीच्या याद्या मागून घ्या आणि या चार प्रश्नांची उत्तरं शोधा. उत्तर सापडलं नाही, तर ज्यांनी मोजलंय त्यांना जाऊन भेटा. मला ते फार उशिरा सुचलं. त्या क्लबच्या एका जुन्या सभासदांना मी ईमेल केलं, तेव्हा त्यांनी दोन ओळींत कळवलं, "चढत्या आकड्याचं कारण सोपं आहे. आम्ही दुसरी गाडी घेतली होती."