एका फुटबॉलच्या चार चुली

महाराष्ट्रातील क्रीडारसिकाच्या लेखी फुटबॉल म्हणजे अकरा खेळाडूंचा, पायाने खेळला जाणारा एकच खेळ. ऑस्ट्रेलियात मात्र हा शब्द कोणत्या शहरात उच्चारला जातो, यावर त्याचा अर्थ ठरतो. मेलबर्नमध्ये ‘फूटी’ म्हणजे लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंनिशी रंगणारा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. सिडनी आणि ब्रिस्बेनमध्ये तोच शब्द तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगसाठी वापरला जातो. पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनचा चाहतावर्ग वेगळा आणि उर्वरित जगाला परिचित असलेला फुटबॉल तेथे दीर्घकाळ ‘सॉकर’ या नावाने सावत्र भावंडासारखा वाढला.

या चारही खेळांना एकाच लोकसंख्येतून खेळाडू, प्रेक्षक, मैदाने आणि दूरचित्रवाणीचा पैसा मिळवायचा असतो. त्यांच्यातील स्पर्धेमुळे खेळाडूची निष्ठा संपली आणि वर्तन घसरले, अशी तक्रार तेथील जुने चाहते सातत्याने करतात. तक्रार खरी आहे. पण ती अर्धीच आहे. इतिहास तपासला तर पूर्वीची निष्ठा अनेकदा स्वखुशीची नव्हती आणि ती मोडण्यात क्लब व संघटनांचा वाटा खेळाडूंपेक्षा कमी नव्हता, असे दिसते.

सीमारेषा आणि तिचा नायक

ऑस्ट्रेलियन रूल्सचे पहिले नियम मेलबर्न फुटबॉल क्लबने १८५९ मध्ये लिहून काढले. हा खेळ दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पसरला. न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलँड ही राज्ये मात्र रग्बीची राहिली. या दोन प्रदेशांना विभागणाऱ्या काल्पनिक रेषेला इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये ‘बरासी रेषा’ असे नाव दिले. मेलबर्नचे महान खेळाडू रॉन बरासी यांच्यावरून ते घेतले होते.

या नावात एक विसंगती दडलेली आहे. बरासी यांचे वडीलही मेलबर्न क्लबकडून खेळलेले. स्वतः बरासी यांनी त्याच क्लबला सहा अजिंक्यपदे मिळवून देण्यात वाटा उचललेला. १९६४ चा हंगाम संपल्यावर ते कर्णधार व प्रशिक्षक म्हणून प्रतिस्पर्धी कार्लटन क्लबकडे गेले, तेव्हा चाहत्यांना जबर धक्का बसला. पुढे १९९३ ते १९९५ या काळात त्यांनी सिडनी स्वान्सचे प्रशिक्षकपद सांभाळले, म्हणजे स्वतःच्या नावाची रेषाही ओलांडली. आज त्यांचे स्मरण होते ते खेळाचा आधारस्तंभ म्हणून. निष्ठेची व्याख्या काळानुसार कशी बदलते, याचे हे बोलके उदाहरण ठरावे.

पहिले पक्षांतर

रग्बीतील फूट पैशातूनच पडली. कारखान्यात व खाणीत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्यासाठी बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही, या वादातून उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे रग्बी लीग आकाराला आली.

सिडनीत हीच ठिणगी १९०७ मध्ये पडली. मैदानावर जायबंदी झालेल्या खेळाडूला ना उपचाराचा खर्च मिळे, ना बुडालेल्या रोजाची भरपाई. त्या वर्षी स्थापन झालेल्या नव्या लीगने युनियनचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू डॅली मेसेंजर यालाच आपल्याकडे ओढले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियन पथकातील अनेक खेळाडू १९०९ मध्ये पैसे घेऊन लीगमध्ये दाखल झाले. ‘आयाराम-गयाराम’ हा प्रकार या खेळात शंभराहून अधिक वर्षे जुना आहे तो असा.

युनियनने अशा खेळाडूंना कायमचे दरवाजे बंद केले. हौशी खेळाचे हे सोवळे १९९५ पर्यंत टिकले. त्या काळात युनियनचे खेळाडू निष्ठावान दिसत. परंतु त्या निष्ठेमागे बहिष्काराचे भय होते, हे विसरता येत नाही.

निष्ठा की वेठबिगारी?

व्यावसायिक लीगमधील स्थितीही फारशी वेगळी नव्हती. करार संपल्यावरही क्लब खेळाडूला आपल्या यादीत अनिश्चित काळ अडकवून ठेवू शकत असे. बालमेन क्लबचा डेनिस टटी याने याला आव्हान दिले. १९६९ चा संपूर्ण हंगाम तो मैदानाबाहेर राहिला आणि नेमके त्याच वर्षी त्याच्या क्लबने अजिंक्यपद पटकावले. डिसेंबर १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, जे त्या देशाचे सर्वोच्च न्यायपीठ आहे, ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध असल्याचा निर्णय दिला. टटीची हुकलेली अंतिम लढत मात्र परत मिळणार नव्हती.

मेलबर्नमध्ये १९८३ साली असाच निकाल लागला. आर्थिक डबघाईला आलेला साऊथ मेलबर्न क्लब १९८२ पासून आपले यजमान सामने सिडनीत खेळू लागला आणि ‘सिडनी स्वान्स’ बनला. सिल्व्हियो फोस्कीनी या तरुण खेळाडूला घर सोडून सिडनीला जायचे नव्हते. त्याला मेलबर्नमधीलच सेंट किल्डा क्लबकडून खेळायचे होते. संघटनेने नकार दिला, न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. येथे शहर सोडले होते क्लबने, खेळाडूने नव्हे.

लीगमधील महायुद्ध

क्रिकेटरसिकांना केरी पॅकर हे नाव १९७७ च्या समांतर क्रिकेट मालिकेमुळे ठाऊक आहे. १९९५ मध्ये पॅकर दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रस्थापित रग्बी लीगच्या गोटात होते. दूरचित्रवाणी हक्कांसाठी रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कंपनीने ‘सुपर लीग’ची घोषणा केली आणि दोन्ही पक्षांनी खेळाडूंपुढे पैशाच्या राशी ओतल्या. आदल्या आठवड्यापर्यंत ज्यांना क्लबवरील प्रेमाचे धडे दिले जात होते, त्यांच्याकडून घाईघाईने करारांवर स्वाक्षऱ्या घेण्यात आल्या. १९९७ मध्ये एकाच खेळाच्या दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या. त्याच वर्षीच्या अखेरीस तह झाला. पण संघांची संख्या कमी करण्याचे ठरले आणि १९०८ पासूनचा संस्थापक क्लब साऊथ सिडनी यालाच २००० च्या हंगामाआधी वगळण्यात आले. हजारो चाहते सिडनीच्या रस्त्यांवर उतरले, क्लब न्यायालयात गेला आणि २००२ मध्ये परतला. २०१४ मध्ये ४३ वर्षांनी त्याने अजिंक्यपद जिंकले.

याच १९९५ च्या ऑगस्टमध्ये रग्बी युनियननेही व्यावसायिकता स्वीकारली. शंभर वर्षांची भिंत कोसळली आणि दोन्ही बाजूंनी वाहतूक सुरू झाली. तिचे फळ २००३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दिसले. ऑस्ट्रेलियाचा एकमेव ‘ट्राय’ नोंदवणारा लोट टुकिरी आणि विजेत्या इंग्लंडचा एकमेव ‘ट्राय’ नोंदवणारा जेसन रॉबिन्सन हे दोघेही लीगमधून आलेले खेळाडू होते.

खेळाडू की जाहिरातफलक?

यानंतर ऑस्ट्रेलियन रूल्सने बरासी रेषेपलीकडे धडक मारली. गोल्ड कोस्ट (२०११) आणि पश्चिम सिडनी (२०१२) येथे नवे संघ उभारताना या खेळाने लीगचे दोन तारे उचलले. त्यांपैकी कार्मिकल हंट चार वर्षांत खेळ शिकला आणि २०१२ मध्ये भोंगा वाजल्यानंतरच्या किकवर त्याने रिचमंडविरुद्ध सामनाही जिंकून दिला. दुसरा, इझराइल फोलाऊ, केवळ १३ सामन्यांनंतर बाहेर पडला व २०१३ मध्ये युनियनमध्ये गेला. दोघांनाही आणण्यामागे कौशल्याइतकाच प्रसिद्धीचा हिशेब होता. ज्याला जाहिरात म्हणून आणले, त्याच्याकडून परंपरेवरील श्रद्धेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही.

करार मध्येच तोडण्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण सोनी बिल विल्यम्सचे. कँटरबरी बुलडॉग्सशी पाच वर्षांचा करार असताना जुलै २००८ मध्ये, ऐन हंगामात, तो क्लबला न कळवता फ्रान्समधील तुलाँ या युनियन क्लबकडे निघून गेला. प्रकरण न्यायालयात पोहोचले आणि भरपाई देऊन मिटले. त्याच विल्यम्सने पुढे न्यूझीलंडकडून २०११ आणि २०१५ चे विश्वचषक जिंकले, मधल्या काळात २०१३ मध्ये लीगमध्ये परतून सिडनी रूस्टर्सला अजिंक्यपदही मिळवून दिले. लीगने त्याला माफ केले, कारण त्याच्या नावावर तिकिटे खपत होती.

२०२३ मध्ये युनियनने रूस्टर्सचा तरुण खेळाडू जोसेफ सुआली याला करारबद्ध केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध पदार्पणातच तो विजयी संघात होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘आर३६०’ या नियोजित बंडखोर रग्बी स्पर्धेकडे जाणाऱ्यांवर दहा वर्षांची बंदी घालण्याचा इशारा लीगने दिला. कधीकाळी बहिष्कृतांनी उभारलेल्या खेळाने बहिष्काराचे हत्यार उचलावे, हा काळाचा सूड म्हणावा लागेल.

वर्तनाची घसरण

मैदानाबाहेरील वर्तनाची नोंद अधिक चिंताजनक आहे. लीगमधून युनियनमध्ये आलेला वेंडेल सेलर २००६ मध्ये कोकेन चाचणीत दोषी आढळून दोन वर्षांसाठी बाद झाला. ऑस्ट्रेलियन रूल्समधील एसेंडन क्लबच्या पूरक औषध प्रकरणात जानेवारी २०१६ मध्ये ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली. समाजमाध्यमावरील मजकुरामुळे फोलाऊचा करार २०१९ मध्ये रद्द झाला. तो वाद धर्मस्वातंत्र्यापर्यंत गेला आणि अखेर तडजोडीने मिटला.

अनेक खेळाडूंवर गंभीर गुन्ह्यांचे आरोप दाखल झाल्याने लीगने २०१९ मध्ये नवा नियम केला. अकरा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या खेळाडूला निकाल लागेपर्यंत पूर्ण वेतनासह बाजूला ठेवले जाते. दोष सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा होते, असा आक्षेप घेतला गेला. न्यायालयाने मात्र नियम वैध ठरवला. मुलांना कोणता खेळ खेळू द्यायचा, हे पालक ठरवतात. चार पर्याय समोर असताना बदनामी कोणत्याच खेळाला परवडत नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या अस्तित्वानेच येथे शिस्तीला धार आणली.

दोष केवळ खेळाडूंचा नाही, हे मेलबर्न स्टॉर्म क्लबने दाखवून दिले. वेतनमर्यादेपलीकडचे पैसे दडवून संघ एकत्र ठेवल्याचे एप्रिल २०१० मध्ये उघड झाले आणि २००७ व २००९ ची अजिंक्यपदे काढून घेण्यात आली. तारे एकाच क्लबमध्ये टिकून होते. त्या एकजुटीमागे दुहेरी हिशेब होता.

निष्ठा उरली कुठे?

निष्ठा पूर्णपणे लोपली असे नाही. स्कॉट पेंडलबरी २००६ पासून केवळ कॉलिंगवूडकडून खेळत २०२४ मध्ये ४०० सामन्यांचा टप्पा ओलांडू शकला. क्लब बदलणाऱ्या खेळाडूंसाठी १९८० मध्ये ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ची तोड काढण्यात आली: पोट भरण्यासाठी कोणत्याही क्लबकडून खेळा, पण वर्षातून काही दिवस मातृराज्याची जर्सी घाला. सिडनीत खेळणारा आर्थर बीटसन पहिल्याच सामन्यात क्वीन्सलँडचा कर्णधार म्हणून उतरला आणि ही कल्पना रुजली.

तरीही खरी, विनामोबदला निष्ठा आढळते ती प्रेक्षागृहात. साऊथ सिडनीला परत आणणारे चाहतेच होते. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची असते, एका दुखापतीत ती संपू शकते. त्याने आपली किंमत वसूल करण्यात गैर काही नाही. करार पाळणे आणि सभ्यतेने वागणे एवढी अपेक्षा त्याच्याकडून रास्त आहे. तीच अपेक्षा क्लब, संघटना आणि प्रक्षेपण कंपन्यांकडूनही धरली, तरच निष्ठा ढासळल्याच्या तक्रारीला अर्थ उरेल.