देवावरचा भार

फिलिपाइन्स या कॅथलिकबहुल देशात ‘बाहाला ना’ हा शब्दप्रयोग आबालवृद्धांच्या तोंडी आढळतो. वादळ घोंघावू लागले, परीक्षा समोर ठाकली वा पोटासाठी परदेशी जाण्याची वेळ आली, की ‘आता होईल ते होवो’ या अर्थाने तो उच्चारला जातो. ‘बाथाला’ या तेथील प्राचीन परमेश्वराच्या नावावरून तो रूढ झाला, अशी लोकसमजूत आहे. हे नाव संस्कृत ‘भट्टार’ म्हणजे स्वामी या शब्दाशी जोडले जाते. ‘बाहाला’ हा मात्र मलय भाषेच्या वाटेने तिकडे गेलेला आपला ‘भार’च होय, असे काही भाषाभ्यासकांचे मत आहे. मराठी माणूसही संकटसमयी देवावर भार टाकतोच!

भारतीय संस्कृतीशी असलेल्या या जुन्या संबंधाचा लेखी पुरावाही उपलब्ध आहे. मनिलानजीकच्या लागुना प्रांतात १९८९ साली एक ताम्रपट उजेडात आला. त्यावरील काळ आहे शके ८२२, वैशाख मास; म्हणजे इ. स. ९००. नामवरान नावाच्या प्रतिष्ठिताचे सोन्याचे ऋण फिटले असून त्याचे वंशज त्यातून मुक्त आहेत, असा त्याचा आशय आहे. फिलिपाइन्सचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना कालनिर्दिष्ट लेख हा असा ऋणमुक्तीचा आहे. याच मनिलात सोळाव्या शतकात आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९७ साली नागासाकी येथे त्यांना हौतात्म्य आले.

‘बाहाला ना’ हे आळशी दैववादाचे लक्षण, असे अनेक वर्षे मानले जाई. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेडो लागमाय यांनी १९७७ साली निराळा निष्कर्ष मांडला : अनिश्चिततेला सामोरे जाताना मनाला दिलेला तो धीर आहे. म्हणजे वाक्य एकच. परंतु हात जोडून बसणाराही ते उच्चारतो आणि पाऊल पुढे टाकणाराही.

हा भेद आपल्या रायगडातही दिसतो. कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावापासून खालापूरच्या डोंगरवाड्यांपर्यंत ‘नशिबात होते’, ‘सटवीने लिहिले ते चुकत नाही’ हे शब्द सहज कानी पडतात. याच कर्जत तालुक्यातील माथेरानात १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल जन्मले. पावसाळ्यात घरातले धान्य संपले, की शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि पीक हाती येताच ते व्याजापोटी गमावून बसे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या ऋणाला नशीब न मानता वकील झालेल्या कोतवालांनी धान्यकोठ्या उभारल्या. पुढे बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांनी प्राण वेचले. त्या जंगलात उद्याची शाश्वती कोणाला होती? त्यांनीही भार टाकला असेल. पण हातचे काम सोडून नव्हे.

याउलट १९ जुलै २०२३ च्या रात्रीचे स्मरण करावे. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न जण बेपत्ता राहिले. ही ठाकूर आदिवासींची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मागे उरलेली माता ‘दैवाने नेले’ म्हणते, तेव्हा त्या शब्दांवर ती उद्याचा दिवस उभा करते. तेच शब्द सुरक्षित घरात बसलेल्याने वा यादी करणाऱ्याने उच्चारले, तर ती स्वतःच्या जबाबदारीतून करून घेतलेली सुटका ठरते.

गेथशेमनी बागेत प्रभू येशूने आपली इच्छा पित्याच्या इच्छेला वाहिली आणि लगेच उठून तो पकडावयास आलेल्यांना सामोरा गेला. देवावर भार टाकण्याची ख्रिस्ती रीत हीच असावी. आपला भार आपण खुशाल देवावर टाकावा. शेजाऱ्याच्या भाराला मात्र आपलाच खांदा द्यावा.