मिलिंद : एका नावाची हकीकत

सफाई कामगारांच्या संघटनेत वावरणाऱ्या माणसाकडे अडकलेली बढती, थकलेली ग्रॅच्युइटी, मुकादमाची तक्रार असली कामे यावयाची. परंतु गेल्या वर्षी आमच्यातला एक तरुण कामगार हजेरी चौकीबाहेर मला गाठून म्हणाला, "भाऊ, पोरगा झालाय. एखादं नाव सांगा. आमच्या आळीत कुणाचं नसलं पाहिजे, अन् तोंडात सरळ बसलं पाहिजे."

त्याचे स्वतःचे नाव दगडू. आधीची दोन भावंडे गेली म्हणून आजीने ते ठेवले. दगड म्हटले की मरण त्याच्याकडे वळून पाहत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. दगडू, धोंडू, केरबा ही नावे अशाच भयातून आली. त्या नावात आजीची सारी माया होती. पण मुकादमाच्या तोंडी रोज सकाळी त्याचा 'दगड्या' होई. 'तोंडात सरळ बसलं पाहिजे' या मागणीचे मूळ मला तेथे दिसले.

नाव ठेवणे ही आपल्याकडे कधीच नुसती हौसेची बाब नव्हती. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात मुलाच्या नावाची अक्षरे सम असावीत, दोन किंवा चार, असा नियम आहे. मनुस्मृती त्याच्या पुढे जाते. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे निंदादर्शक असावे, असे तिच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. उच्चारायला सोपे नाव तिने सांगितले ते स्त्रियांसाठी! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन झाले, तेव्हा त्या ज्वाळांत हे दोन-तीन श्लोकही जळाले, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

दगडूला मी काही लगेच उत्तर दिले नाही. पण त्याच्या दोन्ही अटींत बसणारे एक नाव माझ्या डोक्यात घोळू लागले आणि त्या नावाची हकीकत मी शोधीत गेलो. ते नाव मिलिंद.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य हिंदुस्थानात मिनँडर नावाचा ग्रीक राजा राज्य करीत होता. त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मते आजच्या पाकिस्तानातले सियालकोट. त्याची नाणी पुष्कळ सापडली आहेत. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतली प्राकृत. दुसऱ्या बाजूवर तो 'महाराज त्रातार मेनंद्र' आहे. राजाने आपले नाव प्रजेच्या लिपीत घातले खरे, परंतु प्रजेच्या जिभेला ते अवघड पडले असावे. पाली ग्रंथात तो मिलिंद होऊनच भेटतो. दोन 'न' जवळजवळ आले की जीभ एकाचा 'ल' करून मोकळी होते. यात नवल नाही. निंबाचे लिंब आपण असेच केले आणि नवनीताचे लोणीही. ओबडधोबड परके नाव लोकांनी असे घासून गुळगुळीत केले.

त्या 'मिलिंदपञ्ह' ग्रंथातल्या राजा-भिक्षूच्या संवादाची सुरुवातच नावावरून होते, ही गंमत पाहा. राजा नागसेन भिक्षूला नाव विचारतो. भिक्षू म्हणतो, मला नागसेन म्हणतात, आईबाप अशी नावे ठेवतातच, पण नाव हा केवळ व्यवहार आहे. राजा चिडतो. मग भिक्षू त्याला रथाचा दाखला देतो : चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही नव्हे, सारे जुळले की आपण त्याला रथ म्हणतो. राजाला ते पटते. त्याच्यापाशी सैन्य होते, समोरच्यापाशी भिक्षापात्र. तरी त्याने मान्य केले. वाटाघाटीच्या टेबलावर माझा जन्म गेला. मला त्या ग्रंथात याचेच अप्रूप वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. तिच्या मुंबईच्या महाविद्यालयाला १९४६ साली सिद्धार्थाचे नाव मिळाले. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय निघाले ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याचा परिसर झाला नागसेनवन. राजा आणि भिक्षू पुन्हा शेजारी आले. १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्तीवस्तीत सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद अशी नावे पाळण्यात येऊ लागली. दगडू-धोंडूच्या नातवंडांची ही नावे होती.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मिलिंद म्हणजे भुंगा, असाही एक संस्कृत शब्द आहे, आणि त्या वाटेने हे नाव पांढरपेशांच्या घरी आधीच पोचले होते. क्रिकेटपटू मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ चा. म्हणजे एकाच नावाचे दोन झरे झाले. हजेरीपटावर दोघे शेजारी बसले तरी कोण भुंग्याकडून आला आणि कोण राजाकडून, हे कळण्याची सोय नाही. मला ही गैरसोय फार आवडते. आणि गृह्यसूत्राच्या हिशेबाने तर मि-लिं-द ही तीन विषम अक्षरे मुलाला चालणारच नाहीत!

हे सारे मी दगडूच्या घरी सांगितले. त्याची बायको बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊ, मिलिंद आमचा चुलत सासरा आहे, माझा मामा पण. ते गावाचं नाव काय म्हणालात?"

"सागल."

तिने ते दोनदा म्हणून पाहिले. बारशाला आत्याने तेच बाळाच्या कानात सांगितले. मी आपला संघटनेच्या सवयीने शंका काढली, की मुकादम त्याचा 'सागर' करील. दगडू म्हणाला, "करू दे की भाऊ. पण हा त्याच्या हजेरीला जायचाच नाही."