तळटीप : जेरेमी ब्रेट
१. जेरेमी ब्रेट (१९३३–१९९५) : इंग्लिश नट. मूळ आडनाव हगिन्स. नाटकात घराण्याचे नाव नको, असा वडिलांचा आग्रह असल्याने ‘ब्रेट’ हे नाव घेतले. १९६७ पासून काही वर्षे लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरमध्ये. ‘माय फेअर लेडी’ (१९६४) चित्रपटातील फ्रेडी त्यांचाच. गाण्याचा आवाज मात्र दुसऱ्याचा. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर ते डॉ. वॉटसन झाले होते. ग्रॅनडा टेलिव्हिजनसाठी (१९८४–९४) ४१ भागांत शेरलॉक होम्स साकारला. संवाद कॉनन डॉइलच्या मूळ कथांना धरून असावेत, यावर त्यांचा कटाक्ष असे. उन्माद-अवसादाचा विकार आणि हृदयरोग अंगावर वागवत त्यांनी ही भूमिका अखेरपर्यंत निभावली. लेखकाला अभिप्रेत असलेला ‘टीव्हीवरचा होम्स’ तो हाच. – संपा.