वळिवड्यातली खोली आणि हातातला कागद

तेल्हाऱ्यात आमचे कापडाचे लहानसे दुकान आहे. खरेदीला इचलकरंजीकडे गेलो की कोल्हापूरजवळच्या गांधीनगरलाही एक चक्कर होते. पंधराएक वर्षांपूर्वी तिथल्या एका सिंधी व्यापाऱ्याने थान उलगडता उलगडता सहज सांगितले, “आमच्या आधी इथं पोलंडच्या बाया राहायच्या.” ‘पोलंडची माणसे’ म्हणाला असता तर मी विसरून गेलो असतो. ‘बाया’ या शब्दापाशी मात्र अडकलो. विद्यापीठाची पदवी माझ्याजवळ नाही. इतिहास मी वाचनालयात बसून आणि लोकांना विचारून शिकलो. त्या दिवसापासून या बायांचा माग काढत आलो आहे.

17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी 1940 पासून तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे पाठवणे सुरू झाले. एप्रिलमधल्या खेपेत तर मुख्यतः अटकेतल्या पुरुषांच्या बायका-मुले होती. 1941 मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि चित्र पालटले. पोलंड-सोव्हिएत करार झाला, कैद्यांची सुटका झाली, जनरल आंदेर्स यांचे सैन्य उभे राहिले. 1942 मध्ये हे सैन्य आणि त्याच्यासोबतचे नागरिक कॅस्पियन समुद्रामार्गे इराणात उतरले. हाती बंदूक धरू शकणारे पुरुष सैन्यात गेले. मागे राहिल्या बाया, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांची पांगापांग आफ्रिकेत, हिंदुस्थानात आणि आणखी कुठे कुठे झाली. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी निघाली, तर 1943 मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे सुमारे पाच हजारांची वसाहत वसली. तिच्यात बाया-मुलेच बहुसंख्य होती.

ही सारी छत्रपती राजाराम महाराजांची कृपा, असे कुणी सांगते. ते खरे नाही. राजाराम महाराज 1940 मध्येच निवर्तले होते आणि 1943 साली गादीवर अल्पवयीन वारस होता. जागा संस्थानची होती, परवानगी ब्रिटिश सरकारची होती आणि खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचा होता. कोल्हापूरकरांचा चांगुलपणा यामुळे उणा होत नाही. पण पैसा कुठून येत होता हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडत नाही.

वसाहतीची बांधणी विचारपूर्वक झाली होती. लांबच लांब चाळी, आणि त्यांत प्रत्येक कुटुंबाला खोल्या, ओसरी व स्वतंत्र चूल. जेवणासाठी सामाईक पंगत नव्हती. भत्ता हाती मिळे आणि बाया बाजारातून जिन्नस आणून रांधत. मला ही बाब सर्वांत मोलाची वाटते. दोन-तीन वर्षे दुसऱ्याने वाढलेल्या तुकड्यावर जगलेल्या बाईला, आज काय शिजवायचे हे स्वतः ठरवता येणे म्हणजे संसार परत मिळण्यासारखेच होते. मुलांना त्यांच्याच भाषेतल्या शाळा होत्या. चर्च होते, बालवीर पथके होती, नाटके होत. डोक्यावर छप्पर, हाती खर्चाला पैसा, मुलांना शाळा आणि आपल्या माणसांचा कारभार एवढे वळिवड्याने दिले.

जे देता आले नाही ते 1945 मध्ये उघडे पडले. 5 जुलैला ब्रिटन व अमेरिकेने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या सरकारची मान्यता गेली. वसाहतीचा खर्च उचलणारे सरकारच जगाच्या लेखी उरले नाही. निर्वाहाचा भार पुढे आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गेला. ‘घरी परत जा’ म्हणावे, तर यातल्या बहुतेकींची गावे आता सोव्हिएत हद्दीत होती. घर होते, पण ते ज्या देशात होते तो देश तिथून सरकला होता.

मग वाट कुणाला मिळाली? ज्यांचा नवरा, मुलगा किंवा बाप पोलिश सैन्यात होता, त्यांना सैनिकांचे आप्त म्हणून 1947-48 मध्ये ब्रिटनला जाता आले. ज्यांचे कुणीच उरले नव्हते त्यांना कुठल्या देशाचे दार उघडते याची वाट पाहावी लागली. काही थोड्या कोल्हापुरातच लग्न करून राहिल्या. पाच वर्षे घर एकटीने चालवलेल्या बाईची पुढची वाट कागदावरच्या पुरुषाच्या नावाने ठरावी, हे मला फार बोचते. 1951 च्या निर्वासितविषयक करारात छळाची पाच कारणे मोजली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. बाई असल्यामुळे होणारा छळ त्यांत वेगळा नोंदलेला नाही. तो ‘सामाजिक गटा’त बसवून दाखवावा लागतो. भारताने तर त्या करारावर आजतागायत सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही.

1948 मध्ये त्याच चाळींत सिंधहून आलेली कुटुंबे उतरली आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. त्या बायांचे हालही थोडे नव्हते. पण राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्वाची वाट दिली. 19 जुलै 1948 पूर्वी येऊन इथेच राहिलेल्यांना ते आपोआप मिळाले, नंतर आलेल्यांना नोंदणी करून. म्हणून त्या व्यापाऱ्याचे घर तिथे रुजले, दुकान वाढले आणि मला माल उधार मिळू लागला.

चाळी त्याच होत्या, चुलीही त्याच जागी होत्या. एकीला ‘तू इथलीच’ असे सांगणारा कागद मिळाला, दुसरीला मिळाला नाही. आसरा मागणाऱ्या बाईला अन्न, औषध, शाळा सगळे लागतेच. वळिवड्याने ते दिले आणि चांगले दिले. तरी तो कागद नसेल तर ती बाई आयुष्यभर पाहुणीच राहते.