खराट्यापासून कीर्तनापर्यंत : वऱ्हाडातल्या एका वक्त्याची सुरुवात

प्रताप नगरात बसून हा भाग रेकॉर्ड करतोय. मोटिव्हेशनल स्पीकर व्हायचंय, पहिलं काम कुठून मिळवू, असं इथली पोरं हल्ली विचारतात. पोस्टर तयार, रील तयार, फक्त बोलावणं येत नाही.

बोलावण्याची जुनी वाट म्हणजे व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पण अशा मंचावर जायला आधी शिक्षण लागे, नाव लागे. आपल्या नागपूरचे राम शेवाळकरसुद्धा वणीच्या कॉलेजात प्राचार्य होते, बरं का.

मग ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्यानं काय करायचं? त्यासाठी डेबूजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा बघा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. शाळा नाही. बाप दारूपायी गेला. मामाकडे राबताना सावकारी जवळून बघितली. पुढे मुलीच्या बारशाला भाऊबंद दारू-मटणाची वाट बघत बसले, तर यांनी गोडाचं जेवण वाढलं. मला विचाराल तर त्यांचं पहिलं व्याख्यान तेच!

१९०५ मध्ये घर सोडलं. हातात खराटा आणि फुटकं गाडगं. गावात शिरायचं, रस्ते झाडायचे. हा कोण बुवा, म्हणून लोक जमायचे, आणि रात्री तिथंच कीर्तन. आयोजक नाही, निमंत्रण नाही. बोली वऱ्हाडी. कीर्तनात ते प्रश्न टाकायचे, कर्जाचे, दारूचे, नवसाच्या बकऱ्याचे, पोरांच्या शाळेचे, आणि उत्तर समोरच्यांकडून काढून घ्यायचे. पटवून द्यायची गरजच उरायची नाही, कारण उत्तर माणसानं स्वतःच्या तोंडानं दिलेलं असायचं.

आणि मानधन? स्वतःपुरती भाकर. देणग्या आल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळांकडे गेल्या. आता, हे जसंच्या तसं कुणाला जमणार नाही. घरभाडं भरायचं असतं, मानधन मागण्यात पाप नाही. पण दुसऱ्याचे किस्से पाठ करून पाकिटाची वाट बघणाऱ्यानं एवढं तरी पाहावं, की बाबांचे विषय त्यांच्या घरातूनच आले होते. दारू घरची, सावकार घरचा.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर ते गेले. त्याच्या काही आठवडे आधीचं मुंबईतलं, वांद्र्याचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. सापडलं तर ऐका, आणि बाबा किती वेळ बोलतात, लोक किती वेळ, तेवढं घड्याळ लावून बघा.