कुंडलिकेच्या दोन तीरांवरचे दोन वार

तळ्याच्या उत्तरेला रोहा. रोह्यावरून वाहत आलेली कुंडलिका जिथं समुद्राला मिळते, तिथं दोन गावं समोरासमोर आहेत. उत्तर तीरावर रेवदंडा, तिथं बेने इस्रायलांचं बेथ एल सिनेगॉग. दक्षिण तीरावर कोर्लई, तिथं माउंट कार्मेलचं चर्च. एका तीराचा विश्रांतीचा वार शनिवार, दुसऱ्याचा रविवार. साप्ताहिक सुट्टी आपल्याला इंग्रजांच्या कचेऱ्यांनी दिली असं सरसकट मानलं जातं. या किनाऱ्यावर ती कल्पना त्याच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे.

बेने इस्रायल इथं तेल गाळायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नावच दिलं ‘शनिवार तेली’. धर्मग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, तरी शनिवार टिकला. मला यात सगळ्यात लोभस वाटतो तो घाण्याचा बैल. शब्बाथाची आज्ञा फक्त मालकाला उद्देशून नाही. नोकर, गुरंढोरं आणि दारी आलेला परका यांनाही तो दिवस मोकळा द्यायचा असतो. दुसऱ्याला राबवून स्वतः आडवं होणं तिच्यात बसतच नाही.

ख्रिस्ती लोकांनी पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार धरला. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले. कोर्लईकरांनी आपला धर्म आणि पोर्तुगीजमिश्रित बोली दोन्ही राखलं. पण रविवार हा सक्तीच्या विश्रांतीचा दिवस केला तो रोमन सम्राट कॉन्स्टंटाईननं, ३२१ मध्ये. न्यायाधीश, शहरवासी, कारागीर यांनी थांबावं. शेतकऱ्यांना मात्र सूट, कारण हंगाम चुकला तर पीक गेलं. लावणी अडलेली असताना तळ्यातला कुणीही शेतकरी हेच सांगेल. गंमत म्हणजे जुन्या करारातली आज्ञा बरोबर उलट आहे : नांगरणी-कापणीच्या दिवसांतही थांब. आमच्या आयटीतल्या रिलीजच्या आठवड्यांना हा नियम लावायचा म्हटलं, तर कॉलवर किती वेळ शांतता पसरेल!

मुंबईच्या गिरण्यांमध्ये तर हंगाम बारमाही होता, आणि कोकणातली कितीतरी माणसं तिथं राबत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी रविवारची सुट्टी मागितली. ती मिळाली १० जून १८९० रोजी. लोखंडे सत्यशोधक. रविवार का, तर तो खंडोबाचा वार, असं त्यांनी मांडल्याचं सांगितलं जातं. चर्चचा दिवस मल्हारीच्या नावानं मागून घेतला, आणि नोकराला मोकळं सोडण्याची ती जुनी अट पहिल्यांदा मालकांच्या गळी उतरवली. धर्मोपदेशकांपेक्षा या माणसानं शब्बाथ जास्त पाळला, असं मी म्हणेन.

तरी सुट्टी मिळाली म्हणजे जीव निवतो असं नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा ख्रिस्ती साधू होता. एकांतात राहणाऱ्यांना भर दुपारी जडणारी एक व्याधी त्यानं लिहून ठेवली आहे. दिवस पन्नास तासांचा वाटतो, नजर सारखी सूर्याकडे जाते, खोलीबाहेर डोकावून कुणी येतंय का ते पाहिलं जातं, दुसरीकडे कुठं गेलो तर बरं होईल असं वाटत राहतं. ना मालक, ना घाणा, आणि तरी स्वस्थता नाही. फोन उपडा ठेवून दर दोन मिनिटांनी उलटून पाहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याचं औषध साधं होतं : जागा सोडू नकोस, बसून राहा.

मराठी बायबलात, मत्तयाच्या अकराव्या अध्यायात, ख्रिस्त थकलेल्या, ओझ्यानं वाकलेल्या लोकांना जवळ बोलावतो. तिथं योजलेला शब्द आहे ‘विसावा’. सुट्टी नव्हे, झोपही नव्हे. वारीच्या वाटेवर पालखी टेकते तो विसावा. मुक्काम पुढं असतो, चालणं संपलेलं नसतं. आणि विसाव्याच्या त्याच निमंत्रणात ख्रिस्त एक जूही पुढं करतो, सोयीचं, हलकं. जू साधारणपणे दोन बैलांच्या मानेवर असतं. घाण्याचा बैल मात्र एकटाच फिरतो, डोळ्यांवर झापड बांधून.